बाबांच्या पंचाहत्तरीला किल्लीची आगगाडी: शोध कुठून सुरू करावा

प्रश्न गिरगावातल्या एका ताईंचा आहे. वडिलांना डिसेंबरात पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होतात. १९५९ च्या मे महिन्यात त्यांची मुंज झाली, तेव्हा बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने त्यांना किल्लीची आगगाडी दिली होती. हिरवे इंजिन, दोन डबे, गोल रूळ. १९७८ मध्ये खेतवाडीतली खोली सोडली त्या धांदलीत ती कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. ‘हॉर्नबीच होती’ असे घरात सगळे सांगतात. ताईंना तशीच, दुर्मिळ, खोक्यासकट, जमल्यास न वापरलेली गाडी हवी आहे. चाळीस हजारांपर्यंत तयारी आहे. मुंबईत कुठे शोधू, असे त्या विचारतात.

ताई, मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होतो. नोकरीत असल्यापासून रविवारी घरी जुन्या किल्लीच्या गाड्या उघडून दुरुस्त करतो, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. तुमच्यासारखे विचारणारे दरवर्षी दोन-तीन तरी येतात आणि बहुतेक जण थेट बाजार गाठतात. तुम्ही तसे करू नका. हाताशी पाच महिने आहेत. पहिला महिना घरातच घालवा आणि ती गाडी नेमकी कोणती होती ते काढा.

कारण ‘हॉर्नबी’ या शब्दावर विसंबता येत नाही. वनस्पती तूप म्हटले की डालडा, तशी त्या काळातली कुठलीही विलायती आगगाडी म्हटली की हॉर्नबी. प्रत्यक्षात तशा दिसणाऱ्या पत्र्याच्या गाड्या इंग्लंडातच मेटॉय, ब्रिमटॉय, चॅड व्हॅली असे बरेच जण करत होते. जर्मनीत न्यूरेंबर्गला तर या धंद्याची पेठच होती. जपानी गाड्या त्याहून स्वस्त, म्हणून बोटीवरची माणसे त्या पुष्कळ आणत. माझ्याकडे ‘आजोबांची हॉर्नबी’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांच्या पोटाखाली जपानचे नाव निघाले आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण बाबा आठ वर्षांचे असताना ज्या गाडीशी खेळले तिच्याजागी दुसरीच गाडी त्यांच्या हातात दिली, तर ते कौतुकाने बघतील, आभार मानतील आणि शोकेसमध्ये ठेवून देतील. ‘हीच!’ असा आवाज त्यांच्या तोंडून निघणार नाही. तुम्हाला तो आवाज हवा आहे असे मी धरून चालतो.

खरोखर हॉर्नबी असेल तर तपास पुष्कळ सोपा होतो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी १९०१ मध्ये मेकॅनो या तुकडे जोडून करायच्या खेळण्याचे पेटंट घेतले आणि १९२० पासून किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या. त्या गाड्या ‘ओ’ गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर. १९३८ मध्ये त्यांच्या मेकॅनो लिमिटेड कंपनीने ‘डब्लो’ नावाची लहान गाडी काढली, तिचे अंतर जवळजवळ निम्मे, १६.५ मिलिमीटर. डब्लो मुख्यतः विजेवर चालायची आणि १९५९ पर्यंत तिला मधला तिसरा रूळ असायचा. १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि त्याच दशकात किल्लीच्या मोठ्या गाड्यांचे दिवस सरले. आज मॉलमध्ये हॉर्नबीचे नाव असलेला चकचकीत खोका दिसतो, तो विजेवरच्या लहान गाडीचा. बाबांच्या गाडीशी त्याचे फक्त आडनाव जुळते. घाईघाईत तो घेऊन बसू नका.

आता बाबांकडून माहिती कशी काढायची? ‘तुमची गाडी कशी होती हो?’ असे सरळ विचारलेत तर गुपित फुटेल आणि उत्तरही अर्धेच मिळेल. माणसाला वस्तूचे वर्णन आठवत नाही, हाताने केलेले काम आठवते. त्यांना पुण्याला घेऊन जा. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय आहे, १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथे गाड्या धावताना बघितल्या की तुम्ही न विचारता बाबा बोलू लागतील. तुम्ही फक्त अधूनमधून एखादा प्रश्न टाका. किल्ली इंजिनाच्या कुठल्या बाजूला होती? गाडी उलटी जायची का? थांबवायला काही दांडी होती का? रुळाखाली पट्ट्या पत्र्याच्या होत्या की लाकडाच्या? डबे एकमेकांत आकड्याने अडकायचे की नुसत्या खाचेत बसायचे? डब्यांचा रंग कोणता? आणि सगळ्यात महत्त्वाचे, इंजिनावर काही आकडा होता का?

हा आकड्याचा प्रश्न फालतू समजू नका. काही वर्षांपूर्वी दादरचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, ऐंशीच्या घरातले. इंजिन कुठल्या कंपनीचे, किती लांब, काही सांगता येईना. मी आकडा विचारला. ते काही बोलले नाहीत. उजव्या हाताचे बोट टेबलावरच्या मेणकापडावर फिरवू लागले. तीन, चार, तीन, पाच. दोनदा लिहिले आणि मग माझ्याकडे बघितले. ३४३५ हा हॉर्नबीच्या ‘एम १’ इंजिनाचा आकडा. लहानपणी रोज डोळ्यांसमोर फिरणारा आकडा पाढ्यासारखा आत जाऊन बसतो. त्या चार आकड्यांवर आमचा निम्मा शोध संपला. तुमच्या बाबांनी पाच आकडी ५०१५३ सांगितला तर ते १९५० च्या दशकातले जरा मोठे, हिरवे ‘५१ नंबर’चे इंजिन. एम १ बरोबर वरून क्रीम आणि खालून चॉकलेटी रंगाचे पुलमन डबे येत आणि त्या डब्यांवर बायकांची नावे असत. ‘मार्जोरी’ हे त्यातले एक. बाबांना डब्यावर एखादे इंग्रजी नाव वाचल्याचे आठवले तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

एम मालिकेच्या रुळांची आणखी एक खूण आहे. त्यांच्या वळणाची त्रिज्या नऊ इंच, म्हणजे पूर्ण गोल जेमतेम दीड फुटाचा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, पाटाशेजारी मावणारा. ‘जेवायची पाने मांडायच्या आत गाडी उचलावी लागे’ असे बाबा म्हणाले तर गोल मोठा होता. ‘पाटावरसुद्धा बसायची’ म्हणाले तर लहान.

बाबांखेरीज दुसरा साक्षीदार म्हणजे मामा. ते हयात नसले तरी त्यांचे कागद कुणाकडे तरी असतील. बोटीवरच्या प्रत्येक माणसाकडे सीडीसी नावाचे पुस्तक असते. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, याच्या नोंदी त्यात शिक्क्यांनिशी असतात. १९५९ च्या मे महिन्याआधीची शेवटची फेरी बघा. लिव्हरपूल किंवा लंडनची असेल तर इंग्रजी गाडीकडे कल, हॅम्बुर्गची असेल तर जर्मन, योकोहामा-कोबेची असेल तर जपानी. मुंजीच्या आल्बममध्येही शोधा. भिक्षावळीच्या फोटोत कुणी गाडी धरून बसत नाही हे खरे, पण आहेराच्या वस्तू मांडून काढलेला एखादा फोटो त्या काळी असायचा. त्यात खोका दिसला तरी पुष्कळ.

मामाने ती बाहेरूनच आणली असणार, असे मानायला आणखी एक कारण आहे. १९५६-५७ च्या सुमारास देशात परकीय चलनाची मोठी टंचाई झाली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. विलायती खेळणी दुकानांतून दिसेनाशी होऊ लागली. म्हणून मुंबईत सापडणाऱ्या जुन्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक त्याआधी फोर्टातल्या मोठ्या दुकानांतून श्रीमंत घरांत गेलेल्या. दुसऱ्या बोटीवरच्या, विमानातल्या, रेल्वेतल्या माणसांनी पेटीतून आणलेल्या. तुमची दुसऱ्या गटातली दिसते. या गाड्यांसोबत खोका क्वचितच टिकला, कारण पेटीत जागा नसे आणि खोका तिकडेच टाकून दिला जाई.

आणि हो, नातेवाइकांचे माळे. हे मी मनापासून सांगतो. घर बदलताना हरवलेली वस्तू बहुतेक वेळा हरवलेली नसते, दुसऱ्याच्या सामानात गेलेली असते. माझ्याकडे एक जण अशीच गाडी शोधत आले होते. वर्षभर बाजार पालथा घातला. शेवटी त्यांच्या वहिनींच्या डोंबिवलीच्या घरी, माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या मागे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती निघाली. इंजिन होते, एक डबा होता, रूळ मात्र नव्हते. त्यांचीच गाडी. बाजारातली कुठलीही गाडी तिच्या पासंगाला पुरली नसती. तुमच्या बाबांना चुलत, आते, मामे भावंडे असतील तर प्रत्येकाला एक फोन करा. मामांच्या मुलांना तर आधी करा. कुणाची इमारत पुनर्विकासाला गेली असेल, खोल्या रिकाम्या होत असतील, तर लगेच करा. माळा रिकामा झाला की पत्रा भंगारवाल्याकडे वजनावर जातो.

आता तुमच्या ‘दुर्मिळ’ या शब्दाबद्दल. तो मनातून काढून टाका. दुर्मिळ गाडी म्हणजे काय, तर हॉर्नबीची १९३७ ची ओ गेजची ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’, जी तेव्हाच पाच गिनींना, म्हणजे सव्वापाच पौंडांना होती आणि लाकडी पेटीतून यायची. किंवा मेर्कलिन या जर्मन कंपनीचे स्विस ‘मगर’ इंजिन, ज्याला पुढे-मागे दोन लांब नाके असतात. आपल्या घाटात पूर्वी चालणारे जीआयपी रेल्वेचे ‘खेकडा’ इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो आकार लगेच ओळखू येईल, कारण खेकड्याचा पहिला नमुना स्वित्झर्लंडमध्येच तयार झाला होता. अशा वस्तू लिलावात जातात आणि चाळीस हजारांत त्यांच्या जवळपासही जाता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला मुंजीत मिळालेली गाडी त्यातली नव्हती. ती मुलांनी खेळायची, भरपूर संख्येने बनलेली गाडी होती. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. ती मिळण्यासारखी आहे आणि तुमच्या बजेटात आरामात बसेल. मुंबईतला विक्रेता ‘दुर्मिळ आहे’ म्हणून तुमच्याकडून तिचे तिप्पट घेईल, एवढाच धोका.

न वापरलेली, खोक्यातली हवी या हट्टालाही माझा विरोध आहे. ज्याच्यात साठ-पासष्ट वर्षे किल्ली फिरली नाही त्या इंजिनात तेलाचा डिंक झालेला असतो, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. शिवाय खोक्याची किंमत गाडीइतकी, कधी तिच्याहून जास्त. ती संग्राहकासाठी. बाबा खोक्याशी खेळणार नाहीत. कडांचा रंग उडालेले, पण सुरळीत धावणारे इंजिन घ्या. बाबांच्या गाडीचाही रंग तसाच उडाला असणार.

बाजाराची माहिती विचारलीत ती सांगतो. चोरबाजार म्हणजे आपल्या कामापुरता मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येते. शुक्रवारी तिथली पक्की दुकाने बहुधा बंद असतात आणि रस्त्यावर जुम्माचा बाजार भरतो. पहाटे जा, उजाडताना चांगला माल हलून गेलेला असतो. पावसाळ्यात मात्र जाऊन उपयोग नाही. माल कमी येतो आणि जो येतो तो ओल खाऊन येतो. तुम्ही गणपती झाल्यावर सुरुवात करा. ‘हॉर्नबी आहे का’ असे विचारू नका. नाव काढले की भाव चढतो. ‘चाबीवाली पुरानी रेलगाडी, टिन की’ एवढेच विचारा आणि सोबत एखादी दुसरीच वस्तू, घड्याळ किंवा पितळी दिवा, बघत राहा. एका फेरीत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन दुकानदारांना सांगून ठेवा, नंबर देऊन या आणि दर पंधरा दिवसांनी तोंड दाखवा. या धंद्यात वस्तू ओळखीच्या माणसाकडे सरकते. आगाऊ पैसे मात्र कुणाला देऊ नका.

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातही घरेच्या घरे रिकामी होऊन सामान येते. तिथे कपाटांच्या खणात राहून गेलेल्या वस्तू निघतात, त्यामुळे फर्निचरवाल्यांनाही सांगून ठेवायला हरकत नाही. पण खरे सांगायचे तर माझ्या हातातून गेलेल्या सगळ्यात चांगल्या गाड्या बाजारातून आल्या नाहीत. दादरची पारशी कॉलनी, वांद्र्याची जुनी ख्रिस्ती घरे, माटुंग्यातली निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांची घरे, तिथून आल्या. अशा घरांशी ओळख असलेले एखादे डॉक्टर, फॅमिली वकील, पियानो दुरुस्त करणारा, असा कुणी ओळखीत असेल तर त्याच्या कानावर घाला.

गाडी समोर आली की काय बघायचे ते आता नीट सांगतो, कारण इथेच माणसे फसतात.

सोबत छोटा टॉर्च, घड्याळजीचे भिंग आणि फ्रिजवर लावतात तसले चुंबक ठेवा. आधी इंजिन उलटे करा. वरचा रंग काहीही सांगेल, पोट खरे बोलते. कुठे बनली ते बहुधा तिथे किंवा बाजूला छापलेले असते. ‘मेड इन यूएस झोन जर्मनी’ असेल तर ती युद्धानंतरच्या चार-पाच वर्षांतली. ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर त्यानंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९५२ च्या आधीची. हॉर्नबीवर मेकॅनो लिमिटेडचे नाव असते. चुंबक लावून बघा. खरी गाडी लोखंडी पत्र्याची आणि वर कथिलाचा थर, त्यामुळे चुंबक चटकन चिकटते. चिकटले नाही तर पितळेची नक्कल किंवा दुसरेच काही आहे.

मग पत्र्याच्या जिभा बघा. या गाड्या स्क्रूने कमी आणि जिभांनी जास्त जोडलेल्या असतात. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेतून काढून वळवलेली. कारखान्यात ती एकदाच वळवली जाते. कुणी उघडून परत बसवली असेल तर वळणावर रंग तुटलेला दिसतो, बारीक चीर असते, कधी जीभच अर्धी तुटलेली असते. उघडली म्हणून वाईट असे नाही, दुरुस्तीसाठी मीही उघडतो. पण विकणारा ‘कधी हात लावलेला नाही’ म्हणत असेल आणि जिभा दुसरे सांगत असतील, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तेवढीच किंमत द्या. फुलीच्या डोक्याचा स्क्रू दिसला तर तो नंतरचा आहे, जुन्या गाड्यांत सरळ खाचेचे स्क्रू असतात.

रंगासाठी भिंग. खरी जुनी छपाई भिंगाखाली सपाट, भरलेली दिसते आणि सोनेरी रेघा एकेका रंगाच्या असतात. निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके एकत्र येऊन रंग झालेला दिसला तर ती अलीकडची छपाई. इंजिन नव्याने रंगवलेले असेल तर चाकांच्या मागच्या बाजूला, केबिनच्या आतल्या कोपऱ्यात रंगाचे फवारे सापडतात. गंजाकडेही तसेच बघा. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा कडेपासून आणि सांध्यापासून गंजतो, आतून बाहेर येतो. मधल्या सपाट भागावर एकसारखा तांबूस गंज असेल आणि कडा स्वच्छ असतील, तर तो कुणीतरी चढवलेला आहे.

आता किल्ली. दुकानात कुणी पटापट पूर्ण किल्ली देऊ लागला तर त्याचा हात धरा. आधी अर्धा फेरा, फार तर एक. इंजिन हातात उलटे धरा, चाकांवर अंगठा ठेवा आणि हळूच सोडा. चाके एका दमात फिरून आवाज एकसारखा करर्र येत हळूहळू विरला, तर यंत्र जिवंत आहे. झटके देत थांबले तर बहुधा घाण आहे, ती निघते. किल्ली फिरतच राहिली आणि कुठेच जोर लागला नाही तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचे टोक सुटले आहे. तेही दुरुस्त होते, पण भाव त्या मानाने करा. दाताचा खडखड आवाज येऊन चाके घसरत असतील तर चक्राचे दात झिजलेले आहेत. अशी गाडी सोडून द्या, दुसरी मिळेल.

जस्ताच्या चाकांचा धोका मी स्वतः सोसला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी मी युद्धापूर्वीचे एक सुंदर इंजिन घेतले. वरून डाग नाही, रंग जसाच्या तसा. चाकांवर केसाएवढ्या रेघा होत्या, मी त्या साच्याच्या खुणा समजलो. ते जुलैत माझ्या कपाटात राहिले. सप्टेंबरात बाहेर काढले तेव्हा दोन चाके फुगून आसावर अडकली होती आणि तिसरे बोटांत धरताच ओल्या खडूसारखे तुटले. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली की धातू आतून फुटत जातो आणि दमट हवेत हे काम वेगाने होते. त्याला औषध नाही. गिऱ्हाइकाला मी पैसे परत केले. त्यांच्या आईला द्यायची ती भेट होती आणि तो दिवस परत आणता आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून चाके आणि ओतीव भाग भिंगाखाली बघा. बारीक भेगांचे जाळे, फुगवटा, वाकलेली कड, यांतले एक जरी दिसले तरी रंग कितीही देखणा असो, घेऊ नका. तुमची गाडी युद्धानंतरची असल्याने हा धोका कमी आहे, पण दुकानदार तुम्हाला ‘त्याहून जुनी, त्याहून भारी’ म्हणून नेमके हेच पुढे करेल.

दसऱ्यापर्यंत इथे काही हाती लागले नाही तर परदेशातून मागवायचा विचार करा. एम १ सारखा संच इंग्लंडात आजही सहज मिळतो. तिथे हॉर्नबी गाड्यांच्या संग्राहकांची संघटना १९६९ पासून आहे, तिच्या सभासदांकडे सुटे भागही मिळतात. अडचण आपल्या जकातीची आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यातच २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण लागते आणि साठ वर्षांपूर्वीच्या गाडीवर ती असणार कुठून? पार्सल अडकेल, तुम्ही कागद दाखवत फिराल आणि डिसेंबर निघून जाईल. कुणी ओळखीचे दिवाळीला तिकडून येणार असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि त्यांना सामानातून आणायला सांगा. सामानाचे नियम त्यांनी आधी वाचावेत आणि सांगायचे ते विमानतळावर सरळ सांगावे. इंजिन हातातल्या बॅगेत, प्रत्येक डबा वेगळा, सुती कापडात गुंडाळून. स्पंजात गुंडाळू नका, जुना स्पंज रंगाला चिकटून बसतो.

लांबून घेताना फोटोवर जाऊ नका. विकणाऱ्याला सांगा की गाडी रुळावर चालतानाचा व्हिडिओ पाठवा आणि शेजारी कागदावर तुमचे नाव लिहून ठेवा. खरा विकणारा दहा मिनिटांत पाठवतो. ‘तपासलेली नाही’ असे लिहिले असेल तर ती चालत नाही असे समजूनच भाव ठरवा.

गाडी घरी आली की उत्साहाने पुसायला घेऊ नका. थिनर, पेट्रोल, ब्रासो, काही नाही. त्याने आकडा आणि रेघा निघून जातात आणि त्या आकड्यासाठीच आपण हा सगळा खटाटोप केला. कोरडा मऊ ब्रश, मग किंचित ओलसर सुती कापड, लगेच कोरडे करायचे. आतले यंत्र मात्र धुवावे लागते. ते माणसाकडून करून घ्या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोट फाडते. मी यंत्र बाहेर काढून रॉकेलमध्ये बुडवतो, ब्रशने डिंक काढतो, दिवसभर वाळवतो आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब आसांच्या टोकांना सुईने लावतो. जास्त तेल घातले तर ते रुळावर उडते आणि चाके घसरतात. रुळांच्या टोकाच्या पिना गंजून तुटलेल्या असतील तर बदलून घ्या. तेवढ्यासाठी पूर्ण गोल अडून बसतो. हे काम नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माझ्याकडे किंवा कुणाकडेही द्या, शेवटच्या आठवड्यात नको.

घरात लहान नातवंडे असतील तर एक लक्षात ठेवा. त्या काळच्या रंगात शिसे असायचे. बघू द्या, किल्ली द्यायला द्या, तोंडात घालू देऊ नका आणि खेळून झाले की हात धुवायला सांगा.

वाढदिवसाच्या दिवशी गाडी वेष्टनात देऊ नका असे मला वाटते. आदल्या रात्री बाबा झोपल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजी काढून नुसत्या लादीवर रूळ मांडा, कारण कापडाचे धागे चाकांत जातात. गोल पूर्ण बसला आहे ना ते दोनदा गाडी फिरवून बघा, इंजिनाला डबे जोडा आणि किल्ली काढून वेगळी ठेवा. सकाळी ते चहाला बाहेर आले की ती त्यांच्या तळहातावर ठेवा, पहिले वेढे त्यांनाच द्यायचे आहेत. किल्लीला आधीच एक लांब तांबडा दोरा बांधा आणि तिची एक जादा जोडही करून ठेवा. या गाड्यांचे सगळ्यात आधी हरवते ते तेवढेच.